जेरुसलेमचा अडलेला रस्ता : रब्बान सौमा व मार्कोस यांची अपुरी यात्रा

मध्ययुगातील यात्रावृत्ते बहुधा तीर्थदर्शनापाशी येऊन थांबतात. वाटेतील चोर, तहान, जकातदार व दुखणी यांचे वर्णन कितीही लांबले, तरी अखेरीस इष्ट स्थळाचे दर्शन घडते आणि त्या दर्शनानेच वृत्त लिहिण्याचे प्रयोजन सिद्ध होते. सुरियानी भाषेत मात्र एक चरित्रग्रंथ असा आहे की, त्यातील दोन ख्रिस्ती यात्रेकरू उत्तर चीनमधून निघून, सारा मध्य आशिया तुडवून इराकपर्यंत येतात, जेरुसलेम अवघे काही आठवड्यांच्या वाटेवर उरते, आणि तेवढी वाट मात्र त्यांना हयातभर चालता येत नाही. हे दोघे म्हणजे रब्बान बार सौमा आणि त्याचा शिष्य व सहप्रवासी मार्कोस. इतिहासलेखकांनी सौमाची आठवण ठेवली आहे ती मुख्यत्वे यूरोपात गेलेला मंगोल राजदूत म्हणून. ‘उलट दिशेने गेलेला मार्को पोलो’ हे त्याचे वर्णन तर आता फारच गुळगुळीत झाले आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या वकिलातीपेक्षा त्याच्या न झालेल्या यात्रेचा विचार करावयाचा आहे. जेरुसलेमचा रस्ता या दोघांना नेमका कशामुळे बंद झाला, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

प्रथम साधनाविषयी. हे सुरियानी चरित्र १८८८ मध्ये पॉल बेजान याने छापून प्रसिद्ध केले. पुढे शाबो याने त्याचे फ्रेंच भाषांतर केले व १९२८ मध्ये बज याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर निघाले. चरित्राचा कर्ता अज्ञात आहे. सौमाने आपला यूरोपातील प्रवास स्वतः फारसीत लिहून ठेवला होता, तो आपण संक्षेपाने सुरियानीत आणला असून पुष्कळ मजकूर गाळला आहे, असे हा कर्ताच सांगतो. मूळ फारसी लेखन नष्ट झाले आहे. तेव्हा आपल्या हाती आहे ते एका तुर्की-मंगोल जगातील माणसाने फारसीत लिहिलेल्या व दुसऱ्याने सुरियानीत कापून बसविलेल्या आठवणींचे शेष. भाषाभ्यासकाला या कापाकापीच्या शिवणी काही ठिकाणी स्पष्ट दिसतात. चिनी ‘पाय-त्झू’ या शब्दापासून आलेला, मंगोल राजवटीतील अधिकारपट्टिकेचा वाचक ‘पायझा’ हा शब्द सुरियानी वाक्यात तसाच उतरला आहे. छत्राचा उल्लेख आला की मंगोल लोक त्याला ‘सुकुर’ म्हणतात, हे चरित्रकार आवर्जून नोंदवितो. याउलट राजाच्या लेखी परवान्यासाठी ‘पुक्दाना’, म्हणजे आज्ञा, हा अस्सल सुरियानी शब्द तो वापरतो. आपल्या दप्तरांतील ‘राहदारी’, ‘दस्तक’, ‘परवाना’ हे शब्द ज्यांच्या परिचयाचे आहेत त्यांना ही भेसळ परकी वाटू नये. प्रवासाच्या कागदपत्रांचे शब्द बहुधा राज्यकर्त्याच्या भाषेबरोबर फिरतात.

सौमा हा खानबलिकचा, म्हणजे आजच्या बीजिंगचा. त्याचे आईबाप पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळीचे, ज्यांना सामान्यतः नेस्टोरियन म्हणतात त्या पंथाचे होते. पुष्कळ दिवस मूल नव्हते म्हणून त्यांनी उपास व प्रार्थना केल्या, आणि झालेल्या मुलाचे नाव बार सौमा, म्हणजे ‘उपासाचा पुत्र’ असे ठेविले. वयात आल्यावर त्याने घर सोडले, संन्यास घेतला आणि शहरापासून एक दिवसाच्या अंतरावर डोंगरातील गुहेत तो राहू लागला. मार्कोस त्याच्याहून वीसएक वर्षांनी लहान; जन्म १२४५ चा, कोशांग या गावचा, ओंगुत तुर्कांच्या प्रदेशातील. पंधरा दिवस पायी चालून तो सौमापाशी आला आणि परत गेला नाही.

या पंथाचा विस्तार केवढा होता याची कल्पना आपल्याकडील दोन दाखल्यांवरून येईल. सहाव्या शतकात कॉस्मस याने ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमला गेलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण, असे सामान्यतः मानतात. पुढे १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यास मारले गेले, तेव्हा तेथे त्यांना आसरा देणारे घर याच पंथाच्या ख्रिस्ती कुटुंबाचे होते. कोकणकिनारा, मलबार, तैग्रिसचे खोरे व चीनची भिंत यांना सांधणारी ही एकच मंडळी होती, आणि तिचा सर्वोच्च धर्मगुरू, ‘कॅथोलिकोस’, बगदादला राहत असे.

जेरुसलेमला जाण्याची कल्पना शिष्याची, गुरूची नव्हे. सौमाने प्रथम त्याला वाटेतील हालांचे भय घातले. पण मार्कोसचा आग्रह सुटेना, तेव्हा दोघांनी परस्परांशी करार केला की, कसलेही संकट कोसळले तरी एकाने दुसऱ्यास टाकू नये. चरित्रातील या छोट्या प्रसंगाकडे अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. पुढे जे काही घडले त्यात दोघांचेही सर्व बेत बदलले, तरी हा करार मात्र पाळला गेला. त्यांनी आपले किडूकमिडूक गोरगरिबांना वाटून टाकले व सुमारे १२७५ च्या सुमारास ते निघाले. ओंगुतांचे दोन सरदार, कुनबुगा व अयबुगा, हे मंगोल राजघराण्याचे जावई होते. त्यांनी प्रथम दोघांना थांबवून पाहिले. ते थांबत नाहीत असे दिसताच घोडे, वस्त्रे, सोने व रुपे देऊन निरोप दिला.

येथे एक वादाचा मुद्दा उपस्थित होतो. समकालीन सुरियानी इतिहासकार बार हिब्रियस म्हणतो की, या दोघांना जेरुसलेमला पूजेसाठी खुद्द कुबलाई खानाने पाठविले. चरित्रात याचे नावही नाही. तेथे केवळ मार्कोसची तळमळ आहे. दोहोंपैकी खरे कोणते? बार हिब्रियस १२८६ मध्ये मराघा येथे वारला, म्हणजे तो या मंडळींच्या अगदी निकट होता. त्याचे म्हणणे सहज झटकून टाकता येत नाही. परंतु चरित्रातील पुढचा प्रसंग त्याच्याशी नीट जुळत नाही. खोतान येथे या प्रवाशांना सहा महिने अडकून पडावे लागले, कारण कुबलाईच्या राज्यात बंडाळी माजून रस्ते तुटले होते व धान्य मिळेनासे झाले होते. काश्गर शहर लुटले जाऊन ओस पडलेले त्यांनी पाहिले. आणि तेथून ते तलासच्या बाजूस गेले ते कैदूच्या छावणीत. हा कैदू कुबलाईचा भाऊबंद व कट्टर वैरी. कुबलाईच्या राजधानीतून आलेल्या दोन माणसांनी त्याच्यापुढे जाऊन त्याच्या दीर्घायुष्यासाठी व राज्याच्या भरभराटीसाठी प्रार्थना केली, आणि आपणास कोणी उपद्रव देऊ नये अशी पत्रे मागितली. ती त्याने दिली.

कुबलाईचे फर्मान जवळ बाळगणाऱ्यांना कैदूने असे सोडले असते काय? माझ्या मते, नाही. एक तर असे फर्मान नव्हते, किंवा असले तरी ते दाखविण्याजोगे नव्हते. निष्कर्ष कोणताही घेतला तरी एक गोष्ट उरते. दोन खानांच्या युद्धातून ते पार झाले ते कोणा एकाचे नसल्यामुळे. मंगोल राजांना सर्वच धर्मांच्या साधूंचे आशीर्वाद हवे असत, आणि आशीर्वाद देणाऱ्याने तो कोणालाही द्यावा यात त्यांना वावगे वाटत नसे. बहुतेक सामान वाटेत गमावून, थकून भागून, पण जिवानिशी ते खुरासानात तूसजवळच्या मठात पोचले.

येथून पुढे परिस्थिती पालटते. मराघा येथे कॅथोलिकोस मार देन्हा याची व त्यांची अकस्मात गाठ पडली. नंतर बगदाद, कोखेचे प्राचीन मुख्य मंदिर, मोसूल, निसिबिस, मार्दीन अशी आपल्या पंथाची सर्व पवित्र स्थाने पाहून त्यांनी अर्बिलजवळच्या एका मठात कोठडी विकत घेतली. ते येथेच विसावले असते. परंतु देन्हाने त्यांना आपल्या कामासाठी अबागा इलखानाच्या दरबारी पाठविले. दोघे तुर्की-मंगोल रीतिभाती जाणणारे, दरबारात बोलू शकणारे. पर्शियातील पाद्र्यांत असा माणूस दुर्मिळ होता. अबागाने त्यांचा सत्कार केला, हवे ते परवाने दिले आणि जेरुसलेमला जाण्याची सोय केली. आयुष्यात प्रथमच त्यांच्याजवळ पूर्ण राजमान्य असे कागद आले. आणि नेमके येथूनच त्यांना पुढे जाता आले नाही.

चरित्र सांगते ते असे : ते अनी शहरी गेले, तेथील मठ व देवळे पाहिली, मग सुरक्षित वाटेने जाता यावे म्हणून जॉर्जियाकडे वळले, तेथील लोकांनी त्यांस सांगितले की, खून व लुटालूट यांमुळे रस्ता तुटला आहे, तेव्हा ते माघारी फिरले. यापलीकडे चरित्रात काही नाही. वाचक सहजच समजतो की, यात्रा चोरांनी मोडली. पण नकाशा उघडून पाहावा. अर्बिल किंवा मोसूलहून जेरुसलेमला जाणारी सरळ वाट नैऋत्येस, फरात ओलांडून हलब व दमास्कसवरून जाते. अनी व जॉर्जिया हे बरोबर उलट्या अंगाला, उत्तरेस कॉकेशसच्या पायथ्याशी आहेत. जेरुसलेमला जावयास निघालेला माणूस जॉर्जियाकडे वळतो तो काळ्या समुद्राचे एखादे बंदर गाठून जलमार्गाने वळसा घालण्यासाठीच. म्हणजे सरळ वाटेचा विचारही त्यांनी केला नव्हता, इतकी ती बंद होती. आणि जॉर्जियातील चोरांनी मोडला तो केवळ दुसरा, आडवळणाचा पर्याय. चरित्रकाराने चोरांचा उल्लेख केला आणि सीमेचा केला नाही, याचे कारण त्याच्या वाचकांना सीमा सांगण्याची गरजच नव्हती.

ती सीमा कशी होती? ३ सप्टेंबर १२६० रोजी ऐन जालूत येथे मिसरच्या मामलूकांनी मंगोल सैन्याचा पराभव केला. तेव्हापासून सीरिया व पॅलेस्टाईन कैरोच्या सुलतानाकडे आणि फरातच्या पूर्वेचा मुलूख इलखानांकडे, अशी वाटणी झाली. अल्-बीरा व अर्-रहबा ही फरातवरील ठाणी मामलूकांच्या हाती होती. मंगोल घोडदळाला चारा मिळू नये म्हणून मामलूक सीमेपलीकडील कुरणे जाळून टाकीत. १२७७ मध्ये बैबर्स सुलतानाने अनातोलियात शिरून एल्बिस्तान येथे मंगोलांना हरविले. १२८१ च्या ऑक्टोबरात हिम्सजवळ पुन्हा मोठे युद्ध झाले. आपल्या दोन साधूंचा जेरुसलेमचा प्रयत्न या दोन लढायांच्या मधल्या काळात पडतो.

येथे एका सोप्या स्पष्टीकरणापासून सावध राहावयास हवे. मुसलमान सुलतानाने ख्रिस्ती यात्रेकरूंना रस्ता बंद केला, असा अर्थ पुष्कळांनी काढला आहे. तो पुराव्याशी जुळत नाही. मामलूकांच्या जेरुसलेमात ख्रिस्ती यात्रा बंद नव्हती, आणि जेरुसलेमातील ख्रिस्ती मठही सरसकट बंद झाले नव्हते. जॉर्जियन लोकांचा पवित्र क्रुसाचा मठ मात्र बैबर्सच्या काळात हिसकावून घेण्यात आला व त्याची मशीद झाली. चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो त्यांना परत मिळाला. जॉर्जियाचा राजा इलखानांचा मांडलिक होता, हे येथे ध्यानात ठेवावे. उलट सुलतानाच्या फौजेला लागणारे तुर्की गुलाम काळ्या समुद्रावरून समुद्रमार्गाने मिसरला येतच होते, आणि त्या व्यापारात जेनोआचे ख्रिस्ती पुढे होते. १२८१ मध्ये सुलतान व कॉन्स्टँटिनोपलचा बादशहा यांच्यात झालेल्या तहात या वाहतुकीची तजवीज केलेली आहे. तेव्हा धर्मापेक्षा कोण कोणाचा आहे, हा प्रश्न अधिक कळीचा होता. अबागाचे फर्मान व त्याची माणसे बरोबर घेऊन, मंगोल बोली बोलत, खिताईहून आलेले दोन परके फरातच्या पश्चिम तीरावर उतरते, तर तेथील ठाणेदाराने त्यांच्या गळ्यातील क्रुसाकडे पाहिले नसते; हेर म्हणूनच धरले असते. कैदूच्या छावणीतून ज्यांना निरपेक्षपणाने पार केले, त्यांना इलखानाच्या कृपेने अडविले. हा माझा तर्क आहे; चरित्रात तो शब्दशः सापडणार नाही. परंतु जॉर्जियाचा तो उलटा फेरा दुसऱ्या कोणत्या रीतीने उलगडतो हे मला दिसत नाही.

परत आल्यावर देन्हाने त्यांची समजूत घातली की, ही वेळ जेरुसलेमला जाण्याची नव्हे. येथील सर्व पवित्र स्थानांचे दर्शन तुम्ही शुद्ध मनाने घेतलेच आहे, ते जेरुसलेमच्या यात्रेहून कमी नाही. समजूत चांगली आहे. परंतु तिला एक व्यवहारी बाजूही होती. दरबारात वजन असलेली ही माणसे देन्हाला हाताशी हवी होती. त्याने १२८० मध्ये मार्कोसला चीनकडील प्रांताचा महाबिशप नेमले व त्याचे नाव याहबल्लाहा असे ठेविले. याचा अर्थ ‘देवाने दिलेला’. मराठीत आपण सरळ देवदत्त म्हणू. सौमाला ‘साओरा’ म्हणजे मंडळ्यांचा निरीक्षक केले. पण मंगोल राजांच्या आपसातील युद्धामुळे पूर्वेचीही वाट बंद पडली. आता जेरुसलेमलाही जाता येईना व घरीही जाता येईना.

१२८१ च्या आरंभी देन्हा मरण पावला, आणि जमलेल्या धर्माध्यक्षांनी त्याच्या जागी मार्कोसचीच निवड केली. तो गोंधळून गेला. आपणास धार्मिक विद्या नाही, वक्तृत्व नाही, एवढेच काय, ज्या सुरियानीत सारे विधी चालतात ती भाषाही येत नाही, अशी त्याची विनवणी होती. निवडणाऱ्यांचे उत्तर सरळ होते : जगाची सूत्रे मंगोलांच्या हाती आहेत आणि त्यांची भाषा व रीत जाणणारा तूच एक. भाषेच्या इतिहासात याहून बोलके उदाहरण क्वचित आढळेल. पूजेची भाषा न जाणणारा मनुष्य दरबारची भाषा जाणतो म्हणून धर्मपीठावर बसला. सौमानेही त्याला नकार देऊ दिला नाही. चरित्रात येथून संबोधनाचे नातेही उलटते : कालचा शिष्य ‘मार’, म्हणजे ‘माझा स्वामी’ होतो आणि गुरू ‘रब्बान’च राहतो. दूर मलबारात, क्रांगानोर येथे १३०१ मध्ये लिहिलेल्या एका सुरियानी हस्तलिखिताच्या पुष्पिकेत या कॅथोलिकोसचा उल्लेख ‘तुर्क’ असा केलेला आहे. त्याच्या परकेपणाची वार्ता आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचली होती.

१२८४ मध्ये अर्घुन इलखान झाला. त्याला सीरिया व पॅलेस्टाईन जिंकावयाचे होते आणि त्यासाठी यूरोपीय राजांची फौज हवी होती. वकील म्हणून कॅथोलिकोसने सौमाचे नाव सुचविले. १२८७ मध्ये साठी ओलांडलेला हा यात्रेकरू पश्चिमेस निघाला. कॉन्स्टँटिनोपल, नेपल्स, रोम, जेनोआ, पॅरिस, बोर्दो हा त्याचा प्रवास सर्वपरिचित आहे. येथे त्यातील एकच गोष्ट पाहावयाची. प्रत्येक दरबारी राजकारणाचे बोलणे आटोपले की त्याची पहिली विनंती असे ती तेथील मंदिरे, समाधी व पवित्र अवशेष दाखविण्याची. पॅरिसमध्ये चौथ्या फिलिपने त्याला स्फटिकाच्या पेटीतील काट्यांचा मुकुट दाखविला. तो मुकुट नवव्या लुईने कॉन्स्टँटिनोपलच्या लॅटिन बादशहाकडून मिळविलेला होता. जेरुसलेमला ज्याचा प्रवेश झाला नाही, त्याला जेरुसलेमचे म्हणून मानलेले अवशेष असे परमुलखांत विखुरलेले भेटले. रोममध्ये पोप मरण पावला होता. कार्डिनलांनी सौमाची धर्ममतांविषयी उलटतपासणी आरंभिली, तेव्हा आपण वाद घालावयास आलो नाही, संतांच्या समाधींचे दर्शन घेण्यास व निरोप पोचविण्यास आलो, असे त्याने त्यांना सुनावले. पुढच्या वर्षी नवा पोप चौथा निकोलस याच्या संमतीने त्याने आपल्या पद्धतीने मिस्सा केली. जमलेले लोक म्हणाले की, भाषा निराळी असली तरी विधी एकच आहे. त्यांतील बहुतेकांना सुरियानीचे एक अक्षर कळत नव्हते, हे विसरू नये. त्यांनी ताडून पाहिले ते हातवारे, क्रम व स्वर.

राजकारणाचे फळ मात्र मिळाले नाही. अर्घुनाचे १२८९ चे फिलिपला पाठविलेले पत्र पॅरिसच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहे. मंगोल भाषेत, उइगुर लिपीत. त्यात बार सौमाचा उल्लेख असून १२९१ च्या वसंतात दमास्कसपुढे तळ देण्याचा बेत आहे, आणि जेरुसलेम हाती आल्यास ते फ्रेंचांस देण्याचे वचन आहे. यात्रेकरूंना न उघडलेला रस्ता आता सैन्याने उघडावयाचा होता. सौमाला यातील विसंगती जाणवली होती का? चरित्रकार त्याविषयी मौन पाळतो. १० मार्च १२९१ रोजी अर्घुन वारला, १८ मे रोजी अक्का मामलूकांनी घेतले, आणि पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरील फिरंगी राज्य संपले.

सौमाने मराघा येथे एक मंदिर बांधले व यूरोपातून आणलेले अवशेष त्यात ठेविले. १२९४ च्या जानेवारीत तो बगदादला वारला. मार्कोसने त्याच्यासाठी केलेला शोक चरित्रात धर्मगुरूचा नव्हे, सोबत्याचा म्हणून वर्णिला आहे. पुढची तेवीस वर्षे मार्कोस एकटाच होता. १२९५ मध्ये गाझान गादीवर येताच त्याला मारहाण झाली, उलटे टांगण्यात आले. १३१० मध्ये अर्बिलच्या ख्रिस्ती वस्तीची कत्तल त्याच्या डोळ्यांदेखत झाली. ज्या परवान्यांनी एकदा त्याला जेरुसलेमपासून तोडले, त्यांचे बळही आता उरले नव्हते. १३ नोव्हेंबर १३१७ रोजी मराघा येथे तो मरण पावला. त्याच्या क्रुसाकार मुद्रेचा ठसा व्हॅटिकनच्या दप्तरातील पत्रांवर आहे; अक्षरे सुरियानी, भाषा तुर्की.

मामलूक व इलखान यांच्यात तह झाला तो १३२३ मध्ये, मार्कोसच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. त्यानंतरही तीन वर्षांनी इब्न बतूता मिसरहून सीरियाला गेला, तेव्हा वाळवंटातील कतया या नाक्यावर कोणालाही परवान्यावाचून सोडीत नसत. संध्याकाळी रस्त्यावरील वाळू सपाट करून ठेवीत व सकाळी अंमलदार तीवर पावले उमटली आहेत काय ते पाही. या बंदोबस्ताचे एक कारण म्हणून इब्न बतूताने इराकच्या हेरांची भीती सांगितली आहे.